राखणीचा हिशेब : गुंजनपक्षी आणि परसातले मधुपात्र

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयाची, नाट्यसंगीताची आणि इतिहासाची चर्चा व्हायची, तेथे अमेरिकेतल्या एका इवल्याशा पाखराच्या भांडणाचे काय प्रयोजन? पण हे पाखरू आता आपल्या घरांत येऊन पोचलेच आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तिकडून फोनवर चित्रफिती येतात. घराच्या मागच्या अंगणात लाल रंगाचे एक भांडे टांगलेले असते, त्यात साखरेचे पाणी असते आणि अंगठ्याएवढे एक पाखरू दुसऱ्या तेवढ्याच पाखरावर तुटून पडत असते. सोबत घरच्यांचे भाष्य असते : याची दादागिरी पाहा, स्वतः पीत नाही आणि दुसऱ्यालाही पिऊ देत नाही.

हे भाष्य कितपत न्याय्य आहे, एवढाच आजचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो विनोदाचा आहे. पण त्याच्या तळाशी एका जिवाच्या जगण्यामरण्याचा हिशेब आहे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीत ज्याला हमिंगबर्ड म्हणतात त्याला मराठीत गुंजनपक्षी असे सुरेख नाव आहे. पंखांच्या वेगवान फडफडीतून निघणारा गुंजारव हेच त्याचे नाव झाले. याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व केवळ अमेरिकेच्या दोन खंडांत व भोवतालच्या बेटांवर आढळतात. आपल्याकडे जास्वंदीवर येणाऱ्या चिमुकल्या, चकचकीत निळ्याजांभळ्या पक्ष्याला पुष्कळजण हमिंगबर्ड म्हणतात. तो वस्तुतः शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी होय. दोघांचे कूळ वेगळे. मकरंद पिण्याचा धंदा मात्र एकच, म्हणून लांब चोच आणि झळाळता पिसारा दोघांनाही स्वतंत्रपणे लाभला. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून फुलात चोच घालतो. गुंजनपक्षी हवेत एका जागी तरंगत पितो आणि उलटाही उडू शकतो.

अमेरिकेच्या पूर्वभागात परसातल्या भांड्यावर जो येतो तो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. नराचा कंठ उन्हात माणकासारखा पेटतो आणि सावलीत काळा दिसतो, कारण ती लाली रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. वजन सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे. तरंगताना पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर पृष्ठवंशी प्राण्यांत एवढी ऊर्जा जाळणारे फारच थोडे. त्याला दिवसाकाठी स्वतःच्या वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक मकरंद लागतो आणि त्यासाठी शेकडो फुले धुंडाळावी लागतात. रात्री अन्न मिळत नाही, तेव्हा अनेक जातींचे पक्षी देहाचे तापमान उतरवून एक प्रकारच्या बधिर निद्रेत जातात आणि पहाटे पुन्हा देह तापवून उठतात. ज्याच्या गाठीला उद्याची बेगमी फारशी नाही असा हा जीव आहे. त्याच्या वर्तनाचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

आता मधुपात्रावर काय घडते ते पाहू. या भांड्याला तिकडे फीडर म्हणतात. बाटलीच्या बुडाशी फुलाच्या आकाराची चारसहा छिद्रे असतात आणि आत चार भाग पाण्यात एक भाग साखर विरघळवलेली असते. एखादा पक्षी या भांड्याचा ताबा घेतो, पण भांड्यावर बसून राहत नाही. तो जवळच्या उंच, निष्पर्ण डहाळीवर किंवा तारेवर जागा धरतो. तेथून भांडे दिसते आणि भांड्याकडे येणाऱ्या वाटाही दिसतात. मधूनमधून खाली येऊन तो घोटभर पितो आणि पुन्हा जागेवर जातो. दुसरा पक्षी दिसताच आधी तीक्ष्ण चिवचिवाट होतो. नर असेल तर कंठाची पिसे फुलवतो, शेपटीचा पंखा उघडतो. आगंतुक तेवढ्याने हटला नाही तर त्याच्यावर सरळ झेप पडते आणि दोघे अंगणाबाहेर दिसेनासे होतात. क्षणात पहिला पुन्हा आपल्या डहाळीवर असतो. प्रत्यक्ष चोचीला चोच भिडण्याचे प्रसंग घडतात, परंतु बहुतेक लढाई ध्वनीवर, रंगावर आणि वेगावर निभावते. हा केवळ नरांचा खेळ नव्हे. उन्हाळा सरताना माद्या आणि त्या वर्षीची पिलेही तितक्याच ईर्ष्येने भांडे राखतात.

या पक्ष्याच्या अंगच्या युद्धवृत्तीने माणूस फार पूर्वीच थक्क झाला आहे. मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या युद्धदेवतेचे नाव हुइत्झिलोपोच्त्ली. त्या नावातच गुंजनपक्षी आहे. रणात पडलेले योद्धे कालांतराने गुंजनपक्षी होऊन फुलांतला मध पितात, अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या काव्यपरंपरेने मधुपानाचे काम भ्रमराकडे सोपवले आणि त्याला रसिकतेचे, क्वचित चंचलतेचे प्रतीक केले. मधुपानासाठी युद्ध करावे लागते ही कल्पना आपल्याला परकी वाटते, आणि म्हणूनच हे दृश्य पाहताच आपल्या तोंडी दादागिरी हा शब्द येतो.

परंतु मराठीच्या शब्दसंपत्तीत याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे राखण. ज्वारीचे कणीस चिकात आले की शेतकरी मचाणावर उभा राहतो आणि गोफण फिरवतो. तो पेरणीच्या दुसऱ्या दिवसापासून उभा राहत नाही, तसाच कणसे खुडून खळ्यावर गेल्यावरही राहत नाही. राखण्यासारखे काही आहे तोवरच राखण. शिवाय एका राखणदाराची गोफण जेवढ्या रानाला पुरते तेवढेच रान त्याला सांभाळता येते, आणि टोळधाडच आली तर गोफण खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. या राखणदाराला आपण दांडगा म्हणत नाही, कारण त्याच्या श्रमामागचा हिशेब आपल्याला ठाऊक असतो.

पक्षिशास्त्रात हाच हिशेब १९६४ साली जेराम ब्राऊन या अमेरिकन संशोधकाने मांडला. पक्षी हद्द का राखतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वभावात न शोधता जमाखर्चात शोधले. राखणीला वेळ, ऊर्जा आणि जोखीम लागते. त्या खर्चाहून मिळकत अधिक असेल तरच राखण टिकते. अन्न अगदी विरळ असेल तर राखणे परवडत नाही. ते सर्वत्र मुबलक असेल तर राखण्याची गरज उरत नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच हद्दी आखल्या जातात.

या तत्त्वाची प्रत्यक्ष मोजदाद १९७५ साली प्रसिद्ध झाली, आणि योगायोग असा की ती शिंजिराच्याच एका आफ्रिकी भाऊबंदावर झाली. फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी केनियात गोल्डन-विंग्ड सनबर्ड या सूर्यपक्ष्याचे निरीक्षण केले. हे पक्षी ज्या फुलांचे ताटवे राखत होते ती फुले आपल्या माळरानावरच्या दीपमाळेच्या जातीची होती. स्वस्थ बसण्यास तासाला सुमारे ४०० कॅलरी, फुलांवर चरण्यास १००० आणि आगंतुकाला हुसकावण्यास ३००० कॅलरी खर्च होतात, असा त्यांचा हिशेब. ही कॅलरी आहारशास्त्रातल्या कॅलरीचा हजारावा भाग होय. दर फुलात १ मायक्रोलीटर मकरंद असेल तर दिवसाची गरज भागवायला ८ तास चरावे लागते, २ असेल तर ४ तास आणि ३ असेल तर सुमारे २.७ तास. राखण केल्याने दुसरे कोणी फुले रिकामी करत नाही, म्हणून राखलेल्या फुलांत मकरंद अधिक साठतो. समजा तो २ वरून ३ मायक्रोलीटरवर गेला, तर चरण्याचे १.३ तास वाचले. त्या वेळात पक्षी स्वस्थ बसला तर सुमारे ७८० कॅलरींची बचत झाली. दिवसभरात हुसकावण्याचे काम सुमारे १७ मिनिटांचे. त्याचा जादा खर्च ७२८. शिल्लक उरली अवघी ५२ कॅलरी! एवढ्या बारीक नफ्यावर हा संसार चालतो. आता फुले मुळातच समृद्ध आहेत आणि राखणीने मकरंद ४ वरून ६ मायक्रोलीटरवर जातो असे धरा. मग वाचलेला वेळ थोडा, बचत ४०० कॅलरींच्या आसपास आणि खर्च तोच. राखण तोट्यात गेली. अशा वेळी पक्षी हद्द सोडून देतात, असेच निरीक्षणही सांगते.

गुंजनपक्ष्यांकडे वळल्यावर हा हिशेब अधिकच बारकाईचा दिसतो. रूफस हमिंगबर्ड ही तांबूस रंगाची जात भांडखोरपणासाठी प्रसिद्ध आहे. ती उत्तरेस अलास्कापर्यंत जाऊन पिले वाढवते आणि हिवाळा मेक्सिकोत काढते. परतीच्या वाटेवर हे पक्षी पश्चिम अमेरिकेतील पर्वतांच्या कुरणांत काही दिवस थांबतात आणि पुढच्या प्रवासाची चरबी साठवतात. लिन कार्पेंटर, डेव्हिड पॅटन आणि मार्क हिक्सन यांनी कॅलिफोर्नियात अशा पक्ष्यांच्या बसण्याच्या जागी संवेदनशील तराजू बसवले. पक्षी आपल्या नेहमीच्या डहाळीवर बसावा तसा तराजूवर बसे आणि त्याचे वजन नोंदले जाई. १९८३ साली त्यांनी दाखवून दिले की पक्षी दिवसेंदिवस आपली हद्द कमीजास्त करत जातो आणि ज्या आकारात वजन सर्वाधिक वाढते त्या आकारावर येऊन स्थिरावतो. हद्द फार लहान असली तर फुले अपुरी पडतात आणि फार मोठी असली तर राखणीत दमछाक होते. याच जातीच्या हद्दींचे क्षेत्रफळ जागोजागी फार वेगवेगळे असले, तरी त्यांतील फुलांच्या संख्येत त्यामानाने थोडाच फरक असतो. पक्षी जमीन राखत नाही, तो उत्पन्न राखतो.

त्याची स्मरणशक्तीही या कामाला साजेशी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅनडातील रॉकी पर्वतात याच जातीच्या पक्ष्यांपुढे आठ कृत्रिम फुले ठेवली होती. काही फुले रिकामी झाल्यावर दहा मिनिटांनी भरली जात, काही वीस मिनिटांनी. पक्षी लवकर भरणाऱ्या फुलांकडे लवकर आणि उशिरा भरणाऱ्यांकडे उशिरा परतू लागले. कोणते फूल आपण केव्हा रिकामे केले आणि ते केव्हा भरेल, याची खतावणी तांदळाच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या मेंदूत ठेवली जाते.

आता पुन्हा परसातल्या भांड्याकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत येथेच आहे. या पक्ष्याचा सारा हिशेब खऱ्या फुलांच्या जगात घडला. तेथे फूल पिऊन संपते, पुन्हा भरायला वेळ लागतो आणि दुसऱ्याने प्यालेला घोट आपल्या तोंडचा असतो. माणसाने टांगलेले भांडे हे न संपणारे फूल आहे. पाव लीटर साखरपाण्यात हजारो फुलांचा मकरंद सामावतो, आणि ते उतरू लागले की घरधनीण पुन्हा भरते. येथे दुसऱ्याच्या पिण्याने मालकाचे काहीच कमी होत नाही. ब्राऊन यांच्या तत्त्वानुसार अशा मुबलकतेत राखण संपुष्टात यायला हवी होती. मग पक्षी भांडतो का?

याचे उत्तर जमेच्या बाजूला नसून खर्चाच्या बाजूला आहे. हजार फुलांचे उत्पन्न कुरणभर पसरलेले नाही, ते एका टीचभर जागी आहे, रोज तेथेच आहे आणि एका डहाळीवरून सारे दिसते. राखणीसाठी याहून सोयीची जागा निसर्गात क्वचितच मिळेल. शिवाय भांडे अक्षय आहे हे पक्ष्याला कळण्याचा मार्ग कोणता? त्याच्या रक्तातला नियम एवढाच सांगतो की समृद्ध आणि आटोपशीर जागा मिळाली तर सोडू नये. नियम जुन्या जगाचा आहे, भांडे नव्या जगाचे. ज्याला आपण हाव समजतो ती दुष्काळाची सवय आहे. दुष्काळातून वर आलेली आपली वडीलधारी माणसे भरल्या घरातही धान्याचा दाणा वाया जाऊ देत नसत, हे अनेकांनी पाहिले असेल.

हा हिशेबच आहे, आंधळा स्वभाव नव्हे, याचा पुरावा त्याच भांड्यावर मिळतो. येणारे दोनचार असतील तर मालक त्यांना हुसकावतो. तेच डझनावारी येऊ लागले की एकाच्या मागे धावेपर्यंत दुसरे चौघे पिऊन जातात. खर्च वाढतो, हाती काही लागत नाही, आणि मालक गोफण खाली ठेवतो. स्थलांतराच्या काळात अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आणि कोस्टारिका-इक्वेडोरसारख्या देशांत एकाच भांड्यावर अनेक गुंजनपक्षी शेजारी शेजारी पिताना दिसतात, ते यामुळेच.

भांडणात जो दुबळा पडतो त्यानेही आपले मार्ग शोधले आहेत. पनामात व्हाइट-नेक्ड जॅकोबिन नावाची जात आहे. तिच्या नराचा पिसारा निळा-पांढरा आणि भडक, तर माद्या सामान्यतः फिक्या हिरवट. परंतु जवळजवळ २० टक्के माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात. जे फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांना सूक्ष्म खुणचिठ्ठ्या लावून मधुपात्रांवरील त्यांच्या फेऱ्यांची नोंद घेतली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की नरवेषातल्या माद्यांना त्रास कमी होतो आणि त्यांना साखरपाणी अधिक वेळ मिळते. मराठी रंगभूमीने पुरुषांना स्त्रीवेषात पाहिले आणि डोक्यावर घेतले. या अरण्यात माद्या पुरुषवेष घेतात तो टाळ्यांसाठी नव्हे, पोटासाठी.

पोटाचा हा प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरात प्राणाचा होतो. पूर्व अमेरिकेतील रुबी-थ्रोटेड पक्षी हिवाळ्यापूर्वी मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे निघतात. त्यांतील अनेकजण मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडतात. ते अंतर सुमारे ८०० किलोमीटर, वाटेत ना फूल ना डहाळी. त्याआधी काही पक्षी आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. तीच त्यांची शिदोरी. प्रौढ नर आधी निघून जातात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी भांड्यावर दिसतात त्या बहुतांशी माद्या आणि त्या वर्षीची पिले. या पिलांना वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. प्रत्येकजण एकटा जातो. ज्याला आज भांड्यावरून चारदा हुसकावले ते पिलू कदाचित उद्याच्या प्रवासाची चरबी जमवत असेल. आणि जो हुसकावतो तोही प्रत्येक झेपेगणिक आपल्या गाठीची चरबी जाळत असतो. परसातले भांडण पाहून हसताना दोन्ही बाजूंचा हा खर्च डोळ्यांआड होतो.

माणसाच्या भांड्याने या पक्ष्यांचे जीवनही बदलू लागले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील ॲनाज हमिंगबर्ड विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात व त्यालगतच्या मेक्सिकोत होता. आता तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत हिवाळाही काढतो. बागांतली परदेशी फुलझाडे आणि परसातली मधुपात्रे यांचा या विस्तारात वाटा असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी तुलना करता या जातीच्या चोचीचा आकारही बदलत गेल्याचे आढळले. ती अधिक लांब व निमुळती झाली आहे आणि नरांची चोच अधिक टोकदार होत आहे. भांड्यावरच्या झटापटीत अशी चोच उपयोगी पडत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. याउलट रूफस जातीची संख्या १९७० पासून पुष्कळ घटली आहे आणि एवढ्या भांड्यांनी ती घट थांबलेली नाही. साखरपाण्याने अधिवासाची भरपाई होत नाही.

तेव्हा भांडे टांगणाऱ्याचे कर्तव्य काय? पहिले कर्तव्य स्वच्छतेचे. उन्हाळ्यात साखरपाणी दोनतीन दिवसांत आंबते. ते बदलून भांडे धुवायलाच हवे. मध घालू नये, कारण त्यात बुरशी लवकर धरते. लाल रंग घालण्याची गरज नाही. भांड्याचा रंग पुरेसा असतो. दुसरी गोष्ट भांडणाची. एकच मोठे भांडे टांगण्यापेक्षा लहान लहान दोनतीन भांडी एकमेकांच्या नजरेआड, घराच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवावी. राखणदाराला एका डहाळीवरून सारे दिसेनासे झाले की दुबळ्यांना घोट मिळतो. किंवा अनेक भांडी एकत्र ठेवून गर्दीच एवढी होऊ द्यावी की राखण परवडू नये. दोन्ही उपाय पक्ष्याला उपदेश करत नाहीत, त्याच्या खर्चाची बाजू तेवढी बदलतात. तिसरी गोष्ट फुलझाडांची. हे पक्षी बारीक कीटक आणि कोळीही खातात. पिलांची वाढ त्यांवरच होते. साखरेत ते पोषण नाही. तेथील देशी फुलझाडे लावली तर मकरंद मिळतो आणि कीटकही मिळतात. आणि भांडे ठेवल्याने पक्षी प्रवास विसरेल ही भीती निराधार आहे. दिवस लहान होऊ लागले की तो निघतोच.

श्रोतेहो, पुढच्या वेळी तिकडून अशी चित्रफीत आली तर नातवंडांना एवढे अवश्य सांगावे की डहाळीवर बसलेला तो गुंड नाही, राखणदार आहे. त्याचे पीक आपण अंगणात आणून टांगले आहे आणि ते संपणारे नाही हे त्याला ठाऊक नाही. त्याला बोल लावण्याआधी एक भांडे घराच्या दुसऱ्या बाजूला टांगावे आणि दोन्ही भांडी वेळेवर धुवावी. आखाताच्या काठावर पोचणाऱ्या एखाद्या पिलाच्या अंगात तेवढीच चरबी अधिक असेल.